वीस मोजेपर्यंत

नळाचं पाणी त्यांना चालत नाही.
म्हणून पन्हळीखाली माझी सात पिंपं,
आणि पाऊस दडी मारतो त्या आठवड्यात
दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर.
मी स्वतः नळाचंच पिते.

मागच्या पडवीत दोनशे अकरा फ्लायट्रॅप,
दह्याच्या डब्यांत, कोळंबीच्या बादल्यांत,
एक तर आईच्या बेडपॅनमध्ये, घासूनपुसून.
पीट आणि वाळू. खत अजिबात नाही.
उपाशी जमिनीत जन्मलेल्यांना
एकदम भरलं ताट सोसत नाही,
हे मला कुणी शिकवायला नको होतं.

शेजारची पोरं येतात, काडीने डिवचतात.
मी हातावर फटका देते.
एकेका जबड्याला जन्मात मोजकीच मिटणी,
फुकट घालवलीत तर काळा पडतो, मग रडू नका.
आणि सांगते: आत बघा, बारीक केस.
एकाला धक्का लागला तर झाड काही करत नाही,
नुसतं ध्यानात ठेवतं.
वाऱ्याने आलेली पाइनची सुई असेल, थेंब असेल.
वीस मोजेपर्यंत दुसरा धक्का लागला
तरच मिटतं.

विल्मिंग्टनच्या या बाजूला, दलदलीच्या काठाला,
ही आपोआप उगवतात. जगात इथेच.
मी नऊ वर्षांची, डर्वुड अकराचा,
जळक्या गवतात गुडघ्यांवर रांगत
पोतंभर उपटायचो, पंचवीस सेंटला एक.
हत्यार म्हणजे आईचा मोठा चमचा,
दगडावर धार लावलेला, मान डावीकडे वाकवलेली.
तेव्हा तो गुन्हा नव्हता,
नुसतं शाळा बुडवणं होतं.
आता तुरुंग आहे.

मंगळवारी लोरेटा पिगॉट आली, वनखात्याची,
बुटांना चिखल, हातात दोन उशांचे अभ्रे.
नाल्यात टाकून पळाला कुणीतरी, म्हणाली,
चारशेच्या वर आहेत, व्हर्ना,
कोर्टाची तारीख लागेपर्यंत जगव.

स्वयंपाकाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.
कंद पांढरे, लसणीच्या पाकळीएवढे.
पहिला उचलला. डाव्या अंगाला
चंद्रकोरीसारखा काप.
दुसरा. तिसरा. सगळ्यांना डावीकडे.

डर्वुडला जाऊन सहा वर्षं झाली.
चमचा त्याच्या पोराकडे गेला,
ट्रक आणि ट्रकवरच्या कर्जासकट.

मी मनात मोजायला लागले.
कुणाचाही चमचा वाकतो. पाच.
डावखुरी माणसं थोडी आहेत का? नऊ.
लोरेटा कॉफीत साखर ढवळत होती.
बारा. तेरा.
रिकामा अभ्रा घडी करायला उलटा केला,
तर काठाला निळी टीप,
कोपऱ्यात दोरा संपला म्हणून हिरवी.
टॅविसच्या लग्नात दिलेली जोडी.
सतरा.

काही कळतंय का, व्हर्ना? लोरेटाने विचारलं.
मुळं सुकत आलीत, मी म्हणाले,
आधी पाण्यात ठेवायला हवीत.

आणि हे पोरांना मी कधी सांगत नाही,
की जबडा मिटतो तेव्हाही लगेच घट्ट मिटत नाही.
दातांच्या मध्ये फटी राहतात थोडा वेळ.
लहान किडा असला तर निसटतो.
इतक्याशा घासासाठी आठवडाभर
पोट बंद ठेवणं झाडाला परवडत नाही, एवढंच.
ही दया आहे असं मला वाटत नाही.
पण मोठा किडा धडपडत राहतो,
आणि जितका धडपडतो तितकं ते आवळतं.

लोरेटाची गाडी वळणाआड गेल्यावर फोन केला.
टॅविसने बराच वेळ उचलला नाही.
मग उचलला, आणि लगेच बोलायला लागला,
तब्येत, ट्रक, हवा, पुन्हा ट्रक.
मी बोलू दिलं.

उद्या सहाला ये, म्हणाले.
चारशे कंद लावायचेत, माझे गुडघे गेलेत.
आणि येताना चमचा आण.

पलीकडे काहीच आवाज नाही.
मी मोजत होते.